डेटाबेसच्या दाराशी : ड्रायव्हरची निवड आणि बांधणी

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार क्रमांकांच्या वाटपाला आरंभ झाला. देशातील पहिला बारा अंकी क्रमांक त्या दिवशी या गावातील एका आदिवासी स्त्रीच्या हाती पडला. तिच्या नावाची नोंद ज्या यंत्रांत जतन व्हावयाची होती, ती यंत्रे मात्र तेथून शेकडो कोस दूर होती. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे तंत्रज्ञान केंद्र बंगळुरू येथे आहे. प्राधिकरणाची माहिती केंद्रे बंगळुरू आणि हरियाणातील मानेसर येथे उभारण्यात आली. पुढील काळात या क्रमांकांची संख्या १३० कोटींच्या वर गेली.

या क्रमांकाचा उपयोग बहुतेक वेळा एका प्रश्नापुरता केला जातो. रास्त भावाच्या दुकानात एखादी वृद्धा यंत्रावर अंगठा टेकवते, तेव्हा तो प्रश्न दुकानातून निघून अनेक टप्पे ओलांडीत माहिती केंद्रापर्यंत पोहोचतो : हा ठसा या क्रमांकाच्या व्यक्तीचाच आहे काय? उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच असते. परंतु व्यवहारात तिसरीही एक शक्यता असते, आणि ती म्हणजे उत्तर न येणे. तसे झाले की धान्य न घेता परत फिरणे वृद्धेच्या नशिबी येते. कष्टाने झिजलेल्या बोटांच्या रेषा, खेड्यातील तुटक संपर्क, बंद पडलेले यंत्र ही त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. प्रवासाच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, माहिती केंद्राच्या भिंतींच्या आत, आणखी एक कारण दडलेले असू शकते. ते सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अशा कोणत्याही केंद्रात प्रश्न विचारणारा प्रोग्राम आणि माहिती सांभाळणारी अनेक यंत्रे यांच्यामध्ये एक दुवा असतो. संगणकशास्त्रात त्याला डेटाबेसचा ड्रायव्हर म्हणतात. प्रस्तुत विवेचन त्याच्याविषयी आहे.

'ड्रायव्हर' हा शब्द आपल्याकडे मोटार हाकणाऱ्यासाठी रूढ झालेला असल्याने येथे त्याची फारशी मदत होत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील जुन्या कारकुनाची उपमा अधिक जवळची ठरेल. दप्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले असतात. अभ्यासक विचारतो, "अमुक सालचे अमुक परगण्याचे कागद हवेत." कारकून ती मागणी दप्तराच्या भाषेत उतरवतो, योग्य रुमाल शोधतो, सोडतो आणि कागद आणून देतो. ड्रायव्हर हे असेच काम करणारा प्रोग्रामचा एक भाग असतो. तो डेटाबेसबरोबर राहत नाही. प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामच्याच पोटात, त्याच्याच यंत्रावर राहतो. ही गोष्ट वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी, कारण पुढील बऱ्याच अडचणींचे मूळ तिच्यात आहे.

सर्व माहिती एकाच यंत्रात असेल, तर या कारकुनाचे काम बेताचेच असते. एकच खोली, एकच दार. माहिती एका यंत्रात मावेनाशी झाली, किंवा एक यंत्र बंद पडले तरी काम थांबू नये असे ठरले, म्हणजे ती अनेक यंत्रांत वाटावी लागते आणि प्रत्येक भागाच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांत ठेवाव्या लागतात. अशा डेटाबेसला वितरित डेटाबेस म्हणतात. आता दप्तराच्या शंभर खोल्या झाल्या. खोल्या अधूनमधून बंद होतात, नव्या उघडतात आणि रुमाल एका खोलीतून दुसरीत हलवले जातात. कोणता कागद या घटकेला कोठे आहे, हे कोणाला माहीत असावे?

या प्रश्नाची तीन उत्तरे आजवर दिली गेली आहेत. पहिले असे की, कोणत्याही खोलीचे दार ठोठवावे. कागद तेथे नसेल तर त्या खोलीतील माणूसच योग्य खोलीतून तो मागवून देईल. कॅसँड्रा हा डेटाबेस असे करू देतो. दुसरे असे की, दप्तराच्या दाराशी एक मध्यस्थ बसवावा आणि सर्वांनी त्याच्याकडेच जावे. मॉंगोडीबीची माहिती अनेक यंत्रांत वाटली असता 'मॉंगोस' नावाचा मध्यस्थ हे काम करतो. यात ड्रायव्हर साधा राहतो, पण प्रत्येक प्रश्नाला एक टप्पा अधिक पडतो आणि मध्यस्थाची निगा राखण्याचे काम वाढते. तिसरे उत्तर असे की, दप्तराचा नकाशा कारकुनालाच देऊन टाकावा. तो थेट योग्य खोलीत जाईल. हा मार्ग सर्वांत जलद आहे. मात्र नकाशा जुना झाला तर काय करावे, याचे शहाणपणही कारकुनाला शिकवावे लागते.

आधारच्या प्रारंभीच्या वर्षांत प्राधिकरणाच्या तंत्रज्ञांनी जाहीर व्याख्यानांतून जी माहिती दिली, तीत मायएसक्यूएल, मॉंगोडीबी आणि एचबेस या मुक्त डेटाबेसांची नावे येतात. त्यांपैकी एचबेस हे तिसऱ्या मार्गाचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील नोंदी किल्लीच्या क्रमाने लावलेल्या असतात आणि त्या क्रमाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका यंत्राकडे सोपवलेला असतो. परंपरागत रचनेत ड्रायव्हर प्रथम झूकीपर या स्वतंत्र व्यवस्थेला विचारतो की, नकाशाचे कोष्टक कोणत्या यंत्राकडे आहे. मग त्या यंत्राकडून आपल्या किल्लीचा तुकडा कोठे आहे ते जाणून घेतो, ते उत्तर स्वतःजवळ टिपून ठेवतो आणि पुढे थेट त्या यंत्राकडे जाऊ लागतो. तुकडा दुसरीकडे हलवला गेला, तर जुने यंत्र 'तो आता माझ्याकडे नाही' असे कळवते. ड्रायव्हर आपले टिपण खोडतो आणि पुन्हा चौकशी करतो. व्यवस्था सुरेख आहे. नकाशा दर वेळी ताजा असण्याची गरजच नाही. तो जुना झाल्याचे वेळेवर कळले म्हणजे पुरे.

रेडिस या डेटाबेसाच्या समूह-रचनेत हाच विचार अधिक बारकाईने केलेला आढळतो. तेथे साऱ्या किल्ल्या १६,३८४ खणांत वाटलेल्या असतात. चुकीच्या यंत्राकडे गेलेल्या ड्रायव्हरला दोन प्रकारची उत्तरे मिळू शकतात. एकाचा अर्थ, 'बिऱ्हाड तिकडे गेले आहे, यापुढे तिकडेच जात जा.' दुसऱ्याचा अर्थ, 'सामान हलवणे चालू आहे, या खेपेपुरते तिकडे विचारा.' पहिल्या उत्तराने टिपण बदलावयाचे, दुसऱ्याने बदलावयाचे नाही. हा भेद ज्याने पाळला नाही, असा ड्रायव्हर एरवी महिनोन्महिने बिनतक्रार चालतो आणि यंत्रांची फेरवाटणी सुरू होताच गोंधळ घालतो.

नकाशा जवळ बाळगण्याचा मार्ग निवडला, म्हणजे किल्लीवरून खण काढण्याचे गणितही ड्रायव्हरलाच करावे लागते. हे गणित डेटाबेसाच्या गणिताशी अक्षरशः जुळले पाहिजे. कॅसँड्रामध्ये त्यासाठी 'मरमर-३' हे सूत्र वापरले जाते. त्याच्या मूळ जावा लिखाणात चिन्हांकित अंकांच्या हाताळणीमुळे प्रमाण सूत्राहून किंचित निराळे उत्तर येते. ही चूक लक्षात येईपर्यंत लोकांची माहिती तिच्या आधारे वाटली गेलेली होती. ती दुरुस्त करणे म्हणजे साऱ्या माहितीचे पत्ते बदलणे. म्हणून इतर भाषांत ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना ती चूक जशीच्या तशी नकलून घ्यावी लागली. ज्याने पाठ्यपुस्तकातील शुद्ध सूत्र वापरले, त्याच्या ड्रायव्हरला काही किल्ल्यांचे पत्ते चुकीचे मिळतात. तरीही कोठे त्रुटीचा संदेश येत नाही, कारण चुकीच्या खोलीतील माणूस निमूटपणे योग्य खोलीतून कागद आणून देतो. काम होते, फक्त सावकाश होते. आणि ते सावकाश का होते, हे कोणालाच उमगत नाही. ड्रायव्हर पारखताना त्रुटीच्या संदेशांची यादी तपासणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

आता किती वेळ वाट पाहावी, हा प्रश्न. तो दिसतो किरकोळ, पण धान्य दुकानातील रांगेशी त्याचाच सर्वांत निकटचा संबंध आहे. एचबेसच्या ड्रायव्हरमध्ये, काही न बदलल्यास, एका फेरीसाठी ६० सेकंद आणि सर्व पुनःप्रयत्नांसह एका कामासाठी १२,००,००० मिलिसेकंद, म्हणजे २० मिनिटे, अशी मर्यादा घालून दिलेली असते. रात्रभर चालणाऱ्या मोठ्या हिशेबांसाठी ही मर्यादा योग्यच आहे. तेथे वीस मिनिटे थांबणे हे सारे काम पुन्हा आरंभापासून करण्याहून बरे. परंतु समोर माणूस उभा असेल तर वीस सेकंदही फार झाले. ड्रायव्हरचे असे पूर्वनिश्चित आकडे कोणीतरी, कोणत्या तरी कामासाठी ठरवलेले असतात. आपले काम तेच आहे की नाही, हे पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. माझ्या मते ड्रायव्हर निवडताना पहिल्या दिवशी करावयाचे काम हेच आहे : त्याचे वेळेचे सर्व आकडे एका कागदावर लिहून काढणे.

वाट पाहून झाली आणि उत्तर आले नाही, तर? 'पुन्हा विचारावे' असे सहज सुचते. केवळ वाचण्याचा प्रश्न असेल तर त्यात धोका कमी. परंतु 'या खात्यातून शंभर रुपये वजा करा' अशी आज्ञा असेल, तर न आलेल्या उत्तराचे दोन अर्थ संभवतात. आज्ञा वाटेतच हरवली असेल. किंवा आज्ञा पाळली गेली आणि तिची पोच तेवढी हरवली असेल. ड्रायव्हरला आपल्या जागेवरून या दोहोंतील फरक कळणे शक्य नाही. आज्ञा पुन्हा पाठवली, तर दुसऱ्या परिस्थितीत दोनशे रुपये वजा होतील. म्हणून सुज्ञ ड्रायव्हर आज्ञांमध्ये भेद करतात. 'पत्ता असा लिहा' ही आज्ञा दोनदा पाळली तरी परिणाम तोच राहतो. 'आकड्यात एक मिळवा' या आज्ञेचे तसे नाही. कॅसँड्राचा जावा ड्रायव्हर, त्याला स्पष्ट सांगितल्याखेरीज, कोणतीही आज्ञा पहिल्या वर्गातील मानीत नाही. ही सावधगिरी काहींना जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. मॉंगोडीबीने २०१७ सालच्या ३.६ आवृत्तीत निराळी युक्ती योजली. ड्रायव्हर प्रत्येक लेखनाला एक अनुक्रमांक जोडतो आणि उत्तर न आल्यास त्याच क्रमांकाने एकदाच पुन्हा पाठवतो. हा क्रमांक आपण पूर्वी पाहिला आहे असे डेटाबेसाला आढळले, तर तो काम पुन्हा न करता जुनीच पोच देतो. येथे उघड होते की, अशी हमी एकटा ड्रायव्हर देऊ शकत नाही. दोन्ही टोकांनी मिळूनच ती द्यावी लागते.

पुनःप्रयत्नांचा आणखी एक दोष आहे. वरचा प्रोग्राम तीनदा प्रयत्न करतो, मधला प्रत्येक वेळी तीनदा, आणि ड्रायव्हर प्रत्येक वेळी तीनदा : एका प्रश्नाचे पाहता पाहता २७ प्रश्न होतात. तेही नेमके अशा वेळी, की जेव्हा डेटाबेस आधीच ओझ्याखाली वाकलेला असतो. बंगळुरूच्या फ्लिपकार्ट कंपनीने ६ ऑक्टोबर २०१४ रोजी एका दिवसाची मोठी विक्री जाहीर केली, तेव्हा उसळलेल्या गर्दीपुढे तिची यंत्रणा अपुरी पडली आणि संस्थापक सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांची जाहीर क्षमा मागितली. त्या दिवशीचा दोष ड्रायव्हरचा होता असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. परंतु पान उघडले नाही की माणूस पुन्हा पुन्हा कळ दाबतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. प्रोग्रामही तेच करतात आणि माणसाच्या हजारपट वेगाने करतात. म्हणून दोन प्रयत्नांमधील अंतर प्रत्येक खेपेस वाढवावे आणि ते सर्वांचे एकसारखे राहू नये यासाठी त्यात थोडा अनियमितपणा मिसळावा, असा नियम पडला आहे. एकूण पुनःप्रयत्न कोणत्या थरावर करावयाचे हेही एकदा ठरवून टाकावे आणि इतर थरांवर ते बंद ठेवावेत.

ड्रायव्हर डेटाबेसाच्या घरी राहत नाही, असे वर म्हटले. त्याचा एक परिणाम घड्याळाशी निगडित आहे. कॅसँड्रामध्ये एकाच नोंदीवर दोन लेखने झाली, तर ज्याचा काळशिक्का नंतरचा ते टिकते. अलीकडील ड्रायव्हर हा शिक्का स्वतःच, आपल्या यंत्राच्या घड्याळावरून मारतात. समजा, एका यंत्राचे घड्याळ दोन मिनिटे पुढे आहे. दहा वाजता त्यावरून कोणाचा तरी पत्ता लिहिला गेला, त्यावर १०.०२ चा शिक्का पडला. एका मिनिटाने चूक ध्यानात येऊन दुसऱ्या यंत्रावरून योग्य पत्ता लिहिला गेला, त्यावर १०.०१ चा शिक्का. डेटाबेस चुकीचाच पत्ता ठेवील, दुरुस्ती स्वीकारल्याचेही कळवील आणि कोणाला काही पत्ता लागणार नाही. ड्रायव्हर निवडणाऱ्याने शिक्का कोण मारतो हे विचारावे; आणि तो ड्रायव्हर मारीत असेल, तर आपल्या सर्व यंत्रांची घड्याळे मिळवून ठेवण्याची जबाबदारी स्वीकारावी.

इतके वाचल्यावर एखाद्या उत्साही अभियंत्याला वाटेल की, ड्रायव्हर आपणच बांधावा. डेटाबेसाची भाषा बोलणारा लहानसा प्रोग्राम एका आठवड्यात तयार होतो, हे खरे आहे. उरलेली वर्षे वर वर्णन केलेल्या प्रसंगांत जातात. कॅसँड्राच्या प्रारंभकाळात त्याची मूळ भाषा इतकी ओबडधोबड होती की प्रत्येकाला वर स्वतःचे काही रचावे लागे. त्यातून जावासाठी हेक्टर व ॲस्टियानॅक्स आणि पायथॉनसाठी पायकासा असे ड्रायव्हर निर्माण झाले. २०१३ साली नवी भाषा आली, २०२१ च्या ४.० आवृत्तीतून जुनी भाषा काढून टाकण्यात आली, आणि ज्यांचे प्रोग्राम हेक्टरच्या आधारे उभे होते त्यांना ते नव्याने लिहावे लागले. दुसरे उदाहरण एचबेसचेच. त्याचा अधिकृत ड्रायव्हर प्रत्येक प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत अडून राही. यंत्रांची मोजमापे अखंडपणे साठवणाऱ्या ओपनटीएसडीबी या प्रकल्पाला ते परवडण्यासारखे नव्हते. म्हणून त्यासाठी 'असिंकएचबेस' हा न अडणारा ड्रायव्हर मुळापासून लिहिण्यात आला. गरज खरी होती आणि तो नावाजलाही गेला. परंतु २०१३ मध्ये एचबेसने ०.९६ आवृत्तीत आपली भाषा बदलली, तेव्हा त्याच्या कर्त्यांना जुनी व नवी अशा दोन्ही भाषा एकाच वेळी सांभाळाव्या लागल्या. स्वतःचा ड्रायव्हर बांधणे म्हणजे दुसऱ्याच्या बदलत्या भाषेशी आयुष्यभराची सोयरीक करणे होय.

या दोन टोकांच्या मधला मार्ग अलीकडे अधिक रुळला आहे. फेसबुकमध्ये काम केलेल्या काही अभियंत्यांनी २०१६ मध्ये युगाबाइट हा वितरित डेटाबेस उभारला. त्याचे काम बंगळुरूतही चालते. हा डेटाबेस पोस्टग्रेसची भाषा बोलतो, त्यामुळे पोस्टग्रेसचा कोणताही ड्रायव्हर त्याच्याशी बोलू शकतो. अडचण एवढीच की, तो ड्रायव्हर एका घरच्या डेटाबेसासाठी घडलेला असतो. त्याला दिलेल्या एका पत्त्यावरच तो सारे संबंध जोडतो आणि बाकीची यंत्रे रिकामी बसतात. युगाबाइटच्या तंत्रज्ञांनी नवा ड्रायव्हर न लिहिता मूळ पोस्टग्रेस ड्रायव्हरवरच थोडी भर घातली : प्रथम कोणत्याही एका यंत्राला सर्व यंत्रांची यादी विचारावयाची आणि नवे संबंध त्या सर्वांत वाटावयाचे. मूळ ड्रायव्हरमधील वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या त्यांना आयत्या मिळाल्या. त्याच्या नव्या आवृत्त्यांशी आपली भर जुळवून घेत राहण्याचा भार मात्र कायमचा अंगावर आला. ही यादी, काही न बदलल्यास, दर ३०० सेकंदांनी ताजी केली जाते. म्हणजे नव्याने जोडलेल्या यंत्राला काम मिळण्यास पाच मिनिटेही लागू शकतात. एरोस्पाइक हा डेटाबेस आपल्या ४,०९६ विभागांच्या नकाशातील बदलांची चौकशी दर सेकंदाला करतो. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत, कारण पहिला केवळ नवे संबंध कोठे जोडावे हे ठरवतो, तर दुसऱ्याला प्रत्येक प्रश्नाचे घर शोधावयाचे असते.

ड्रायव्हर निवडलेला असो वा बांधलेला, त्याची परीक्षा घेण्याची रीत एकच. यंत्रांच्या समूहावर काम चालू असताना त्यांतील एक यंत्र बंद करून पाहावे. येथे बहुतेक लोक एक गफलत करतात : ते यंत्रावरील डेटाबेसाचा प्रोग्राम बंद करतात. असा प्रोग्राम जाताना निरोप घेऊन जातो. त्याचे यंत्र ड्रायव्हरला 'संबंध तुटला' असे लगेच कळवते आणि ड्रायव्हर दुसरीकडे वळतो. परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे समाधान मिळते. ज्या यंत्राची वीजच गेली ते मात्र काहीच कळवीत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात, काही न बदलल्यास, पाठवलेल्या मजकुराची पोच न आल्यास तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवण्याचा क्रम सुमारे १५ मिनिटे चालू राहतो. ड्रायव्हरने आपली स्वतंत्र मर्यादा घातलेली नसेल, तर तितका वेळ तो त्या निर्जीव यंत्राच्या दाराशी उभा राहतो. म्हणून परीक्षा घेताना वायर उपसून काढावी, आणि दुसऱ्या खेपेस यंत्र चालू ठेवून त्याची गती तेवढी शंभरपट मंद करावी. मेलेल्या यंत्रापेक्षा असे अर्धमेले यंत्र ओळखणे अधिक कठीण असते, कारण ते प्रत्येक हाकेला ओ देते.